दोराचं खालचं टोक

चौबळबाईंचं चरित्र लिहा, म्हणतात मला.
मी काय लिहिणार?
बावीस वर्षांत त्यांचा चेहरा मी कमी पाहिला,
बुटांचे तळवे जास्त.
कॅनव्हासचे बूट. डाव्याला अंगठ्यापाशी
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
ते ठिगळ कातळावर टेकायचं, थांबायचं, विचार करायचं,
आणि मग माझ्या डोळ्यांत माती.

त्यांची रात्रपाळी गावदेवीच्या टेलिफोन एक्स्चेंजात.
समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या,
'नंबर प्लीज' म्हणेपर्यंत बोट योग्य भोकाशी.
कातळ त्याहून सोपा, बाई म्हणायच्या,
तो मध्येच शिव्या देत नाही.
रविवारी पाळी सुटली की साडी पिशवीत,
भावाची खाकी पँट कमरेला सुतळीने आवळून
कान्हेरीच्या मागच्या अंगाला, उन्हाच्या आधी.

मी कुर्ल्याला गॅरेजात फिटर.
टॅक्सीच्या मोडक्या कमानपाट्यांतून मेखा घडवून द्यायचो.
बाई एकेक मेख कानाशी धरायच्या, हातोडीची टिचकी मारायच्या.
"ही खोटं बोलते."
ती बाजूला.
दोर गोदीच्या लिलावातला,
वर्षभर त्याला सुक्या बोंबलांचा वास.
शिकवणारा एक होता, तो म्हणाला होता,
हे बाईमाणसाचं काम नव्हे.
पुढच्या वर्षी तो आमचे डबे राखायला यायचा.

सवतकड्याचं सगळेच विचारतात.
वरचा टप्पा मुरमाचा, हात लावला की चहात बुडवलेलं बिस्कीट.
सहाव्या मेखेच्या वर बाई निसटल्या.
त्यांनी आवाज केला नाही. दोराने केला.
माझ्या मुठींतून अकरा हात दोर गेला,
जाताना कातडी घेऊन गेला,
आणि थांबला.
वर उलट्या लोंबकळत बाईंनी विचारलं,
"आहेस का रे?"

पडल्या त्या. विचारलं मला.

तीन महिने मला चमचा धरता येत नव्हता.
बाई झोप मोडून गॅरेजात यायच्या,
मालकासमोर माझ्या वाटणीचे नट आवळायच्या.
मालक काही बोलला नाही.
बाईंचा पाना त्याच्यापेक्षा घट्ट बसायचा.

चौथ्या महिन्यात कडा झाला.
माथ्यावर जागा दोन पाटांची.
बसून थंड सोड्याची खिचडी खाल्ली,
पलीकडे तुळशी तलाव, त्याच्याही पलीकडे
धूर, म्हणजे मुंबई.
पेपरात आलं: महिलांच्या पानावर, पाककृतीच्या खाली,
आडनाव 'चौगुले' छापून.
बाईंनी कात्रण जपून ठेवलं.
पाककृतीसाठी.

परवा गोरेगावच्या मॉलमध्ये नकली भिंतीचं उद्घाटन.
फीत, कात्री, प्लास्टिकचे लाल-निळे गड्डे.
बाईंनी एक लाल हलवून पाहिला.
"हा कधीच निघत नाही?"
"नाही मॅडम, हंड्रेड परसेंट सेफ."
बाई त्याला धरून बराच वेळ उभ्या,
जसं एखाद्या परक्याचं मूल हातात दिलंय.
मग एका चष्मेवाल्या मुलीला जवळ बोलावलं,
तिची बोटं भेंडीसारखी टोकाशी वाकवून पाहिली.
"नखं काप," म्हणाल्या, "आणि कान्हेरीला ये."
कान्हेरीला आता कोण चढू देतंय, हे मी बोललो नाही.

गिरगावात त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर.
लाकडी जिना, कठड्याचे दोन गज गेलेले.
त्या पुढे, मी दोन पायऱ्या मागे.
डोळ्यांसमोर चपलेचा तळवा,
टेकतो, थांबतो, विचार करतो.
दोर नाही, तरी माझे हात उघडे;
ती सवय आता मोडायची नाही.
वरून सिलिंडरवाला धाडधाड उतरतो,
"आजी, बाजूला!"
बाई कठडा धरून तिथेच उभ्या.
"हळू रे," त्याला सांगतात,
"खाली माणूस आहे."